डावा पाटा बसवला

अहो, तुमचा डावा पाटा बसवून झाला. हे मी कौतुकानं सांगत नाही, आणि माझा राग गेला असंही समजू नका. राग होता तिथेच आहे. तुम्हाला गाडीचं कळल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून आधी ते सांगून टाकलं. आता माझं ऐका. या वेळी मधेच उठून अंगणात जायची सोय नाही तुम्हाला.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या होत्या. मधुकरभावजींनी लिहून दिल्या. मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल. मला हसूच आलं हो. मला कुणी विचारलं असतं तर मी लिहिलं असतं: हट्टी, लपवाछपवी करणारा, ग्रीसचे हात माझ्या धुतलेल्या पडद्याला पुसून वर ‘मी नाही त्यातला’ असा चेहरा करणारा. पण मला कोण विचारतं! मला तर या घरात काहीच कुणी विचारत नाही की सांगत नाही. तुम्हीच ती पद्धत पाडलीत.

ती गाडी आली त्या दिवसापासूनच. तुम्ही कामाला होतात त्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांच्या आवारात चिंचेखाली ती पडली होती, दोन माणसांची, बिनछपराची, विलायती. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. मालक म्हणाले, ‘घेऊन जा एकदाची,’ आणि तुम्ही बैलजोडी लावून ती ओढत आणलीत. सगळी गल्ली दारात. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर येऊन पाहते तर तुम्ही सुकाणू धरून नवरदेवासारखे बसलेले आणि पुढे बैल. मी म्हटलं, ‘हे काय?’ तर म्हणालात, ‘सांगणारच होतो.’ सांगणारच होतो! तुमच्या तोंडचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. दाढ काढून आलात तेव्हा हेच. फिटरचे फोरमन झालात तेही मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेव्हाही हेच.

पण चालू केलीत हो तुम्ही ती. ते मात्र खरं. पहिल्यांदा मला बसवून पारोळ्याला नेलंत, किल्ला बघायला. किल्ला कसला बघतेय, मी आपली पदर सांभाळतेय! एरंडोल सोडलं आणि पदर सुटला तो मागे झेंड्यासारखा. कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, गाडीवान उभे राहून हसायला लागले. मी तुम्हाला ओरडतेय, ‘हळू घ्या, हळू घ्या,’ आणि तुम्ही म्हणताय, ‘हळूच तर आहे.’ घरी आल्यावर मी दोन दिवस बोलले नाही. मनातून मात्र इतकी खूष होते की विचारू नका. तुम्ही विचारलंही नाहीत. मीही सांगितलं नाही, ही घ्या माझी बाजू.

मग दीपनगरच्या वाटेवर मागचा पाटा तुटला. मागच्या चाकांवर त्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात ना, एकावर एक रचलेल्या, त्यांना तुम्ही पाटा म्हणायचात, तेव्हापासून मीही म्हणते. तुम्ही गाडी धुळ्याला नेलीत, आग्रा रोडवर गफूरभाईंच्या गॅरेजात. तिथली सगळी दुकानं ट्रकची. आणि ट्रकवाल्यांची रीत एकच: ट्रकात दुप्पट माल जाणार हे धरूनच चालायचं, म्हणून एक पट्टी जास्तीची घालायची, आणि गाडी वर टांगलेली असतानाच सगळे नट जीव खाऊन आवळून टाकायचे. गफूरभाईंनी तुमच्या त्या चिमुकल्या गाडीलाही तेच केलं. माणूस मायेचा, पण हाताला वळण ट्रकचं. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर तो म्हणाला, ‘भाऊ, राहू द्या एक पट्टी जास्त. रस्ता पाह्यला का आपला?’

मग काय, गाडी खड्ड्यात उडी मारायची तशी सपाट रस्त्यावरही मारायला लागली. आणि आवाज! कुर्र, कर्र, कुर्र. गल्लीतली कुत्री भुंकायची. उघडून पाहिलंत तर आतली रबरं पिळवटून फाटलेली. तेव्हा तुम्ही जेवताना ताटावरच मला धडा दिलात. गाडी हवेत असताना नट आवळले तर रबर त्या स्थितीत जखडतं. मग गाडी खाली आली, माणसं बसली की बिचारं जन्मभर पिळलेलंच राहतं. म्हणून आधी पाटा नुसता बसवायचा, नट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, तिच्यावर नेहमीचं वजन येऊ द्यायचं, आणि मग आवळायचं. आमटी गार झाली होती तुमची. पण सांगताना डोळे कसे चमकत होते!

आणि ते नेहमीचं वजन म्हणजे कोण? मी! भुसावळच्या रेल्वे यार्डातून आणलेल्या लाकडी स्लीपरांवर गाडी चढवायची, म्हणजे खाली माणूस शिरेल इतकी उंच होते, आणि मग मला हाक. ‘अगं, बस जरा येऊन.’ पहिल्यांदा मी हात पुसून, केसांवरून हात फिरवून आले. वाटलं, नवरा म्हणतोय ये माझ्याजवळ बस. बसले तर हे गृहस्थ गाडीखाली! वरून माझ्या शेजारच्या सीटवर सरकीचं पोतं, तुमच्याऐवजी. मी म्हटलं, ‘माझं काय काम?’ खालून आवाज आला, ‘वजन.’ त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले ते गल्लीनं ऐकलं. तरी पुढच्या वेळी मेथीची जुडी घेऊन बसायला आलेच की. तुम्ही खालून कसलं कसलं बोलायचात, मालकांचं, मशीनचं, मुकादमाचं. मी वरून पानं खुडत ‘हं’ करायची. तोंड दिसत नसलं की तुम्ही मोकळं बोलायचात. ते मला फार आवडायचं. हे आता सांगतेय, फुकट.

आता त्या रविवारचं बोलू. दोन्ही पाटे तुम्ही पुन्हा उतरवलेत, ती जास्तीची पट्टी काढून टाकायला. पिंपळनेरला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं आणि मी म्हटलं होतं, या वेळी एसटीनं नको, गाडीनं जाऊ. म्हटलं होतं, हो. बायकोनं एवढंही म्हणू नये का? उजवा पाटा तुम्ही बसवलात. डावा उचललात, आणि तसेच पोत्यावर आडवे झालात. मी चहाचं विचारायला आले तर वाटलं, डोळा लागला. पाटा तुमच्या शेजारी पडलेला.

घर माणसांनी भरलं. आणि आक्का, तुमच्या आई, सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, ‘तुना हट्टपायी मना पोऱ्या गया. गाडी पाहिजे व्हती हिले, मोटारगाडी!’ त्यांचं पोर गेलेलं, मी काय बोलणार? तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तेरावं होईपर्यंत जी बाई भेटायला येई तिला आक्का हेच सांगत. मग बायका माझ्याकडे बघत, आणि माझा हात हातात घ्यायच्या ऐवजी पदर सावरत उठत. माझा भाऊ आला पिंपळनेरहून, लग्न पुढे ढकलून, तर त्यालाही हेच ऐकवलं. तो खाली मान घालून गेला. आणि खरं सांगू? मलाही ते पटायला लागलं होतं. भाकरी थापताना, पाणी भरताना एकच, माझ्यामुळे गेले, माझ्यामुळे गेले.

मधुकरभावजी म्हणाले, ‘वहिनी, ही अवदसा दारातून काढू. भंगारवाला येतोय.’ तुमचा धाकटा भाऊ, माझ्यासमोर कधी आवाज न चढवणारा, पण त्या गाडीकडे असा बघत होता की वाटलं आत्ता लाथ घालेल. मी फाटकात आडवी उभी राहिले. म्हटलं, ‘आधी तिचा पाटा बसेल. जे काम करताना माणूस गेला ते अर्धवट ठेवून मी गाडी हलू देणार नाही. मग खुशाल न्या.’ भंगारवाला बिचारा परत गेला. माझं मलाच कळत नव्हतं मी कशासाठी भांडतेय. एवढंच वाटत होतं की अशी लंगडी गेली ती, तर माझ्यावरचा ठपका कायमचा राहील.

गफूरभाईंना निरोप धाडला. ते धुळ्याहून पहिल्या गाडीनं आले. ओटीवर बसून आधी रडले. मग म्हणाले, ‘भाभी, जास्तीची पट्टी नाही घालणार. भाऊ म्हणतील तस्सं.’ बघा, मेल्यावर तुमचं ऐकलं.

मी तिथेच उभी राहिले, पाने हातात देत. त्यांनी पाटा खाली सरकवला, त्याच्या मधल्या बोल्टचं डोकं धुऱ्याच्या भोकात अगदी नीट बसवलं, यू-बोल्ट चढवले, आणि टोकांचे नट सैल ठेवले. काम मन लावून करत होते. आणि करता करता, खालूनच, तुमच्यासारखेच तोंड न दाखवता म्हणाले, ‘भाऊंना मी सांगितलं होतं, भाभी. पाटा मी येऊन उचलतो, तुम्ही हात लावू नका. डॉक्टरनं मना केलंय ना.’

मी म्हटलं, ‘कुठल्या डॉक्टरनं?’

गफूरभाईंनी पाना खाली ठेवला. मग बाहेर आले. माझं तोंड बघून त्यांच्या लक्षात आलं. ‘या अल्लाह,’ म्हणाले, ‘भाभी, तुम्हाला ठाऊक नाही?’

मग कळलं. धुळ्याला गाडीच्या कामाला म्हणून जात होतात ते डॉक्टरकडेही जात होतात. हृदय कमजोर आहे, वजन उचलायचं नाही, धावपळ नाही, बिडी बंद. आणि मला घरी येऊन सांगत होतात, ‘पित्त झालंय, थोडं सुंठेचं पाणी दे.’ मी देत होते! उकळून, गाळून, फुंकून देत होते सुंठेचं पाणी! गफूरभाईंना म्हणालात, ‘तिला सांगू नकोस, कळलं तर ती मला गाडीखाली जाऊ देणार नाही.’

अहो, बरोबर आहे! नसतंच जाऊ दिलं! पाय धरून ओढून काढलं असतं, गल्ली गोळा केली असती, तुमचे पाने विहिरीत टाकले असते. लग्नाला बैलगाडीनं गेलो असतो. नाहीतर गेलोच नसतो! काय बिघडलं असतं? तुम्ही तोंड फुगवून बसला असतात, पण बसला असतात ना! मला लोक समजूत घालतात, ‘तुमच्यासाठीच करत होते हो, तुम्हाला माहेरी न्यायचं होतं.’ माझ्या नावावर खपवू नका हे. मी गाडी मागितली होती, जीव नव्हता मागितला. तुम्ही मला विचारलंच नाहीत यातलं मला काय हवं.

गफूरभाईंवरही ओरडले मी. खूप ओरडले. ऐकता ऐकता त्यांनी गाडी चाकांवर आणून स्लीपरांवर उभी केली. मग म्हणाले, ‘भाभी, शिव्या मग द्या. आधी बसा. वजन पाहिजे.’

काम तर पुरं करायचं होतं. मी माझ्या जागी बसले. तुमच्या जागेसाठी सरकीचं पोतं आणायला निघाले तर गफूरभाई म्हणाले, ‘मधुकरभाऊ आहेत की. भाऊंच्याच बांध्याचे.’ भावजी दारात उभे होते. म्हणाले, ‘मी नाही बसणार तिच्यात.’ मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. आले, बसले. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी सुकाणूवर ठेवले. दोन्ही भावांची बोटं एकसारखी आहेत हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

गफूरभाई खाली शिरले. ‘आता हलायचं नाही,’ खालून म्हणाले. आणि भावजी एकदम हुंदके द्यायला लागले. तुम्ही गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता. म्हणाले, ‘वहिनी, मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘दादाचं. डॉक्टरांचं. मीच पहिल्यांदा नेलं होतं त्याला. त्यानं शपथ घातली.’

अहो, त्या क्षणी माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. म्हणजे आक्का मला नाही नाही ते बोलत होत्या तेव्हा हा माणूस तिथेच बसून होता. माझा भाऊ मान खाली घालून गेला तेव्हा त्याला फाटकापर्यंत पोचवायला हाच गेला होता! उठावं आणि चालू पडावं, कायमचं, असं वाटलं. पाय खाली टाकलासुद्धा. तर खालून गफूरभाईंचा आवाज, ‘भाभी, हलू नका! नट आवळतोय.’

आणि मी बसले. पाय आत घेतला आणि बसून राहिले. शेजारी तो रडतोय, खाली पाना चालतोय, आणि मला उठता येत नाही. मग बसल्या जागीच बोलले. म्हटलं, ‘शपथ तुम्हाला घातली होती, ठपका मला का? तुमच्या दादानं तोंड बंद ठेवलं ते मेले म्हणून सुटले. तुम्ही तर जिवंत आहात! रोज माझ्या हातची भाकरी खाऊन गप्प बसलात!’ ते म्हणाले, ‘आक्काला कळलं असतं की मला माहीत असून मी त्याला अडवलं नाही, तर...’ म्हणून गाडीवर राग काढत होते. पुरुषाची जात! सगळा राग बिचाऱ्या लोखंडावर.

शेवटचा नट राहिला होता. भावजींनी छातीवर हात चोळला. सवयीनं चोळतात तसा. मी म्हटलं, ‘काय होतंय?’ म्हणाले, ‘काही नाही, पित्त.’

मी विचारलं, ‘कधीपासून?’ ‘सुमनला सांगितलंत?’ सुमन म्हणजे माझी जाऊ, यांची बायको. तेव्हा हा शहाणा माणूस काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, ‘सांगणारच होतो.’

गफूरभाई बाहेर आले, ‘झालं,’ म्हणाले. मी गाडीतून उतरले ती सरळ चुलीपाशी गेले आणि सुमनला दंडाला धरून अंगणात आणलं. आक्कांनाही हाक मारली. म्हटलं, ‘भावजी, बोला. सगळं. आधी दादाचं, मग तुमचं.’ ते बोलले. आक्का दाराची चौकट धरून ऐकत होत्या. मग माझ्याकडे बघत तिथेच उंबऱ्यावर बसल्या. माफी वगैरे काही नाही मागितली, आमच्या घरात ती पद्धत कुठे! पण सुमन रडायला लागली तेव्हा त्यांनी माझाच हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची गाडी धुळ्याला गेली. माहेराला नाही हो, डॉक्टरकडे. भावजी चालवत होते, जिनिंगची जीप चालवतात तसे घाबरत घाबरत. शेजारी सुमन. तिला मी बजावलं होतं, बाहेर बाकावर बसायचं नाही, आत जाऊन ऐकायचं, डॉक्टर जे बोलतील ते शब्दन् शब्द. ती संध्याकाळी आली आणि आल्या आल्या सगळं सांगितलं मला. गोळ्या दिल्यात, तंबाखू बंद, दर महिन्याला दाखवायचं. हृदयाचं दुखणं लागलंय खरं, पण वेळेवर कळलं, असं म्हणाले. भावजी मागे उभे, चोरासारखे. मागचं काही कुरकुरलं नाही रस्ताभर, असं त्यांनीच सांगितलं.

भंगारवाल्याला आता नाही म्हणून कळवलंय. लग्न वैशाखात आहे. जाईन की नाही, माहीत नाही.

परवा जेवणं झाल्यावर भावजींच्या छातीत थोडं दुखलं. त्यांनी हाक मारली, ‘सुमन.’ मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. ती धावली, गोळी दिली, पाणी दिलं, पाठ चोळत बसली. थोड्या वेळानं बरं वाटलं त्यांना. मी उठून आत गेले, कारण मला ते बघवेना. हाक एवढी सोपी असते हो. त्या रविवारी मी ओसरीत गहू निवडत बसले होते. तुम्ही हळू मारली असती, तरी ऐकू आली असती.